जॉर्जियन फायरप्लेसची चौकट: कोरलेली की चिकटवलेली?

अठराव्या शतकातल्या, म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातल्या (म्हणून ‘जॉर्जियन’) इंग्लिश घरांत फायरप्लेसभोवती अनेकदा लाकडी चौकट दिसते. तिच्यावर रंगाचे इतके थर चढलेले असतात, की नक्षी लाकडातच कोरलेली आहे की वेगळी करून चिकटवलेली, हे पटकन ओळखू येत नाही. रंग काढायला घेण्याआधी मात्र ते ओळखायलाच हवं.

आधीची पद्धत कोरण्याची. इंग्लिश वास्तुकार विल्यम केंटच्या काळात नक्षी ठसठशीत असे: अकँथस या झाडाची कातरलेल्या कडांची जाड पानं, कडेच्या पट्टीवर अंडं-बाण, अंडं-बाण अशी रांग. लाकूड बहुधा पाइनचं. आपल्याला सागवानाचे रेषे उघडे बघायची सवय. हे पाइन मात्र रंगवायचं म्हणूनच वापरलेलं असे.

स्कॉटिश वास्तुकार रॉबर्ट ॲडम 1758 साली इटलीहून परतला, त्यानंतर आवड बदलली. नाजूक माळा, घट, कळ्यांच्या लोंबत्या सरी यांना मागणी आली. एवढं बारीक काम प्रत्येक घरासाठी हाताने कोरणं महाग, म्हणून कॉम्पो चाललं. खडूची पूड, सरस, राळ आणि जवसाचं तेल यांचा हा मळलेला गोळा. तो गरम असतानाच बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या साच्यात दाबायचा, निघालेली नक्षी मऊ आहे तोवर साध्या पाइनच्या चौकटीवर बसवायची. वाळली की टणक. हिला नकली म्हणणं मला पटत नाही. तो साचा कुणीतरी हातानेच कोरलेला असे, आणि तोही उलटा.

ओळखायचं कसं? दिवा बाजूने धरा. कोरीव कामात पानाखाली पटाशी शिरलेली दिसते, तिथे खोल सावली पडते, आणि शेजारची दोन पानं कधी हुबेहूब सारखी नसतात. कॉम्पोत सगळी सारखी. साच्यातला एखादा टवकाही प्रत्येक पानावर त्याच जागी उमटतो. शिवाय कॉम्पो आकसतं, म्हणून लांब माळेला थोड्याथोड्या अंतरावर आडव्या बारीक भेगा पडतात. तुकडा निघालेल्या जागी लाकडाचे रेषे नसतात, आत गुळाच्या ढेपेसारखा तपकिरी गर दिसतो.

विसाव्या शतकात पाइन उघडं करण्याची टूम निघाली आणि चौकटीच्या चौकटी कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवल्या गेल्या. कोरीव लाकूडही त्यात खराब होतं, पण निदान नक्षी उरते. कॉम्पोतला सरस विरघळतो, माळा गळून टाकीच्या तळाशी जातात. अशा चौकटींवर आज माळेच्या जागी फक्त फिकट ठसा आणि खिळ्यांची बारीक भोकं दिसतात.