बाटलीबंद पाणी, लष्करी पुरवठा

मोहिमेवरील सैनिकांना टाकी, टँकर किंवा पखालीऐवजी सीलबंद प्लास्टिक बाटल्यांतून पिण्याचे पाणी पुरवण्याची पद्धत. १९९०–९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी फौजेने ती मोठ्या प्रमाणावर वापरली. २००३ नंतर इराकमध्ये ती नित्याचीच झाली.

याच मुलखात पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी फौजेची पुणे डिव्हिजन लढली होती आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. तेव्हा पाणी टायग्रिस नदीचे आणि ते वाहून आणायला भिस्ती व खेचरे. पटकी आणि हगवण छावणीच्या पाचवीला पुजलेली. तिथल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती मॉड १९१७ मध्ये बगदादमध्ये पटकीनेच दगावला. संशय मात्र दुधावर घेतला गेला.

बाटलीची खरी अडचण वजनाची. शिधा वाळवून हलका करता येतो, पाण्याचे तसे नाही. उन्हाळ्यात माणशी रोज १० लिटर धरले, तर १,००० सैनिकांना दिवसाला १० टन पाणी लागते. इराकमध्ये सामानाचे ट्रक कुवेतहून निघत आणि वाटेत रस्त्याकडेच्या सुरुंगांना तोंड देत. म्हणून पुढे तळांजवळच बाटल्या भरण्याचे कारखाने उभारले गेले. वास्तविक लष्कराकडे तासाला ६०० गॅलन (सुमारे २,२७० लिटर) पाणी शुद्ध करणारी फिरती आरओ यंत्रे होतीच आणि ते पाणी स्वस्तही पडे. पण त्याला क्लोरीनचा वास येई. सैनिकाचा भरवसा न फोडलेल्या झाकणावर; हिशेबापेक्षा या भरवशानेच बाटली टिकवली, असे म्हणायला हरकत नाही.

फोर्कलिफ्टचा धक्का लागून प्लास्टिकचे वेष्टन फाटले की बाटल्या वाळूत घरंगळत. उघड्यावर रचलेल्या थप्प्यांतले पाणी उन्हाने इतके तापे, की ते घशाखाली उतरत नसे. त्यावर सैनिकांचा तोडगा साधा होता: ओल्या पायमोज्यात बाटली घालून ती वाऱ्यावर टांगायची. सियाचीनला अडचण नेमकी उलटी. तिथे बाटलीतले पाणी गोठते, म्हणून केरोसीनच्या स्टोव्हवर बर्फ वितळवूनच तहान भागवावी लागते.

रिकाम्या बाटल्यांचे काय करायचे, हा प्रश्न सुरुवातीला कोणी फारसा मनावर घेतला नाही. इराक-अफगाणिस्तानातील तळांवर त्या इतर कचऱ्याबरोबर उघड्या खड्ड्यांत जाळल्या जात. त्या धुराने आजारी पडलेल्या माजी सैनिकांना उपचार व भरपाई मिळणे सोपे व्हावे, यासाठी अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा झाला.