मातीच्या धावपट्टीवरील शर्यत-मोटारी : मागील स्प्रिंगा व भारसंतुलन

मातीच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर धावणाऱ्या मोटारींच्या मागील स्प्रिंगांचा कडकपणा, त्यांवरील पूर्वताण (स्प्रिंग बसवितानाच तिला दिलेला दाब) आणि चारही चाकांवर पडणारा भार यांचा मेळ बसविण्याची क्रिया. हा शर्यतप्रकार अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियात विशेष रुजलेला आहे. अमेरिकेत गाड्या घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात. प्रत्येक वळण डावीकडचे असल्याने गाडीची डावी व उजवी बाजू मुद्दाम असमान ठेवतात.

धावपट्टीवरील आरंभीची एक मोटार-शर्यत सप्टेंबर १८९६ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील नॅरॅगन्सेट पार्क येथे, घोड्यांसाठी केलेल्या मातीच्या पट्टीवर झाली. ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंड येथे डिसेंबर १९२३ मध्ये झालेल्या मोटारसायकल-शर्यतीकडे काही लेखक या खेळाचा उगम म्हणून बोट दाखवितात. हा दावा मोटारसायकलींपुरताही वादग्रस्त आहे. मोटारींच्या बाबतीत अमेरिकन जत्रांमधील अश्वपट्ट्यांची परंपरा जुनी असल्याने तीच अधिक ग्राह्य दिसते. आरंभीच्या गाड्यांना पाट्यांच्या कमानी (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असत. टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) व शॉक ॲब्सॉर्बरभोवती बसविलेली वेटोळी स्प्रिंग यांचा प्रसार नंतरचा आहे.

स्प्रिंगचा कडकपणा बदलणे आणि तिच्यावरील ताण बदलणे या दोन निराळ्या गोष्टी असून त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. वेटोळ्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या आणि मोकळ्या (दाबल्या जाऊ शकणाऱ्या) वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून तार एक दशांशाने जाड केली, तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्क्यांनी कडक होते. दहा मोकळ्या वेटोळ्यांतील एक कमी केले, तर केवळ ११ टक्क्यांनी. कडकपणा पौंड प्रति इंच या एककात सांगण्याची रूढी आहे; १०० पौंड प्रति इंच म्हणजे सुमारे १७.९ किग्रॅ. प्रति सेंमी. याउलट, स्प्रिंगच्या डोक्यावरील बोल्ट किंवा कडे फिरविल्याने स्प्रिंगचा कडकपणा जराही बदलत नाही. बदलते ती त्या कोपऱ्यातील सांगाड्याची उंची आणि चाकांवरील भाराची वाटणी.

उदाहरणार्थ, चालकासह ११०० किग्रॅ. वजनाच्या गाडीत डाव्या पुढच्या चाकावर २७०, उजव्या पुढच्यावर २४०, डाव्या मागच्यावर ३३० आणि उजव्या मागच्यावर २६० किग्रॅ. भार आहे असे समजू. डाव्या बाजूचा भार ५४.५ टक्के, मागचा ५३.६ टक्के, आणि उजवे पुढचे व डावे मागचे या कर्णावरील चाकांचा मिळून तिरपा भार ५१.८ टक्के होतो. आता डाव्या मागच्या स्प्रिंगचा बोल्ट आवळून त्या चाकावर १० किग्रॅ. वाढविले, तर चाकांमधील अंतरे दोन्ही आसांवर सारखी असताना उजव्या पुढच्या चाकावरही १० वाढतात आणि उरलेल्या दोन चाकांवरून तेवढेच उतरतात. तिरपा भार ५३.६ टक्के होतो आणि मागच्या दोन चाकांतील फरक ७० वरून ९० किग्रॅ. वर जातो, मात्र डाव्या बाजूचा व मागचा हिस्सा तसूभरही हलत नाही. ते दोन हिस्से बदलायचे तर वजनासाठी बसविलेले शिसे, बॅटरी किंवा इंधनटाकी यांची जागाच बदलावी लागते. तिरपा भार वाढला की वेग देताना मागची पकड सुधारते, पण गाडी वळायला जड होते. फार कमी झाला, तर मागचा भाग बाहेर फेकला जातो.

वळणावर डावा मागचा कोपरा उचलला जाऊन, आस सांगाड्याला जोडणाऱ्या जोडदांड्यांमुळे आसाची डावी बाजू पुढे सरकते. मागची चाके त्यामुळे किंचित उजवीकडे रोखली जातात आणि गाडीचे नाक डावीकडे वळायला मदत होते. या उचलण्यातून जादा पकड निर्माण होते, असे अनेक जाणकार मिस्त्री मानतात. दुसऱ्या मतानुसार स्थिर वळणात डावीकडून उजवीकडे जाणारा एकूण भार गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर आणि पार्श्वत्वरण (वळताना बाजूच्या दिशेने होणारे त्वरण) यांवरच ठरतो. स्प्रिंगा त्यातील पुढच्या व मागच्या आसांचा वाटा ठरवितात, आणि जोडदांड्यांचा कोन तो भार किती लवकर व कोणत्या वाटेने चाकापर्यंत पोहोचेल एवढेच ठरवितो. यामिकीच्या दृष्टीने हे दुसरे मत भक्कम आहे. मात्र कोपरा उचलताना सांगाडाच उंच होत असेल, तर गुरुत्वमध्यही वर जातो, आणि तेवढ्यापुरते मिस्त्र्यांचे निरीक्षण खरे ठरते.

संध्याकाळी पाणी मारलेली ओली माती चांगली पकड देते, तेव्हा कडक स्प्रिंगा व कमी तिरपा भार चालतो. रात्र चढता माती सुकून गुळगुळीत काळी पडते; मग स्प्रिंगा मऊ व तिरपा भार जास्त ठेवण्याकडे कल असतो.

इंदूर परिसरात हे शास्त्र दोन निराळ्या वाटांनी भेटते. ट्रान्सपोर्ट नगरातील कमानवाले ट्रकच्या बसलेल्या कमानीला जादा पाटा चढवितात, तेव्हा उंची व कडकपणा दोन्ही एकदम वाढतात. शर्यतीच्या गाडीत ज्या दोन गोष्टी वेगळ्या राखायच्या, त्या येथे एकत्रच बदलतात. दुसरी वाट धार जिल्ह्यातील पीथमपूरची. तेथील नॅट्रॅक्स या चाचणी केंद्रातील ११.३ किमी. लांबीची वेगपट्टी २०२१ मध्ये खुली झाली, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या खडतर वाटेवरील गाड्यांची बाहा ही स्पर्धा पीथमपुरात २००७ पासून रुजली. या गाड्यांना दोन्ही बाजूंना वळावे लागत असल्याने त्यांत डाव्या-उजव्या स्प्रिंगा सारख्या ठेवणेच योग्य. चालक बसवून चारही चाके स्वतंत्र तोलण्याची पद्धत मात्र तीच लागू पडते. त्यासाठी ट्रकचा धर्मकाटा उपयोगी नाही. त्याचा लघुतम अंक बहुधा ५ किंवा १० किग्रॅ. असतो, म्हणजे वरील उदाहरणातील संपूर्ण फेरबदल त्याच्या एक-दोन आकड्यांतच बुडून जाईल. चार स्वतंत्र काटे पाणसळीत मांडून, टायरमधील हवा व टाकीतील इंधन ठरावीक ठेवून, प्रत्येक फेरबदलानंतर गाडी दाबून-हलवून स्थिरावू द्यावी आणि मगच आकडे टिपावेत. इंधनटाकी मागील आसाच्या मागे असल्यास शर्यतीत मागचा हिस्सा सतत घटत जातो, म्हणून भरलेल्या आणि शेवटी उरणाऱ्या इंधनाची नोंद वेगवेगळी ठेवतात.