पहिली क्रूझ, नवी कंपनी : निघण्याआधी एवढं वाचा

आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात क्रूझची चौकशी करायला येणारे बरेच जण कुणाचं तरी ऐकून आलेले असतात. मेहुणे मागच्या वर्षी सिंगापूरहून जाऊन आले, त्यांच्या जहाजावर दोन्ही वेळा वरण-भात होता. शेजारच्या काकांना पाण्याचे वेगळे पैसे पडले नाहीत. ही माणसं खोटं सांगत नाहीत. पण ते जहाज वेगळं होतं आणि कंपनीही वेगळी होती. घरोघरी मातीच्या चुली ही म्हण क्रूझला लागू पडत नाही. इथे प्रत्येक कंपनीची चूल निराळी. म्हणून जिचं नाव तुम्ही पहिल्यांदाच ऐकलं त्या कंपनीच्या जहाजावर जाताना ऐकीव माहिती बाजूला ठेवा आणि हे पत्रक घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचा. बॅगा भरायचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी तर दोनदा.

पैसे : कशाचे दिले, कशाचे राहिले

क्रूझच्या भाड्यात साधारणपणे केबिन, मुख्य डायनिंग हॉल आणि बुफेतलं जेवण, रात्रीचे कार्यक्रम आणि स्विमिंग पूल एवढं येतं. मद्य, कोल्ड्रिंक, खास रेस्टॉरंट, वायफाय, स्पा आणि बंदरावरच्या सहली बहुतेक वेळा वेगळ्या. काही युरोपीय कंपन्यांच्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर पाण्याची बाटली मागितली की तिचेही पैसे लागतात, बुफेतलं पाणी मात्र फुकट असतं. पहिल्या रात्री हे कळलं की माणूस उगाच हिरमुसतो, म्हणून आधीच सांगतोय.

सगळ्यात जास्त गैरसमज सर्व्हिस चार्जबद्दल होतो. ही बक्षिशी माणशी, दर रात्रीची असते आणि ती तुमच्या खात्यावर आपोआप चढते. बऱ्याच कंपन्या लहान मुलांचीही धरतात. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचा दर साधारण १६ ते २० डॉलरच्या घरात असतो. १८ डॉलर धरले तर चौघांचे सात रात्रींचे ५०४ डॉलर होतात. ही रक्कम भाड्यात आधीच धरली आहे की जहाजावर द्यायची आहे, हे आमच्या कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. ती ओळ शोधा. सापडली नाही तर सही करू नका, आम्हाला फोन करा. कोटेशनमधला टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीवर आगाऊ घेतला जाणारा कर, मात्र खर्च समजू नका; तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना त्याचा हिशोब मिळतो.

जहाजावर रोख चालत नाही. केबिन उघडणारं कार्डच पैशाचंही काम करतं आणि ते तुमच्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं असतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून घ्या. डेबिट कार्ड जोडलं तर जहाजवाले अंदाजाने रक्कम अडवून ठेवतात आणि ती मोकळी व्हायला दिवस लागतात.

कंपनी पारखताना

२०१९ मध्ये मुंबईहून जलेश क्रूझेसचं ‘कर्णिका’ जहाज निघालं तेव्हा आपल्याकडे केवढं कौतुक झालं होतं. २०२० मध्ये कोविड आला, कंपनी बंद झाली आणि जहाज अलंगला भंगारात गेलं. त्यामुळे नवीन कंपनीचं बुकिंग घेताना आम्ही तीन गोष्टी लेखी मागतो : शेवटचा हप्ता कधी भरायचा, रद्द केल्यास कोणत्या तारखेला किती कापणार, आणि कंपनीनेच फेरी रद्द केली तर पैसे परत देणार की पुढच्या फेरीचं कूपन. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर आम्ही ती कंपनी सुचवत नाही, भाडं कितीही स्वस्त असलं तरी.

जहाज जुनं म्हणजे वाईट, असं मात्र नाही. २०२१ पासून मुंबईहून फिरणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ १९९० साली बांधलेलं आहे आणि मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपची पहिली ओळख करून घ्यायला ते चांगलं आहे. फक्त त्या काळच्या जहाजांवर बाल्कनीच्या केबिन मोजक्याच असायच्या. फोटोत बघितलेली बाल्कनी डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर हिरमोड होईल.

नाव, पासपोर्ट, व्हिसा

बुकिंगवरचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं, आधारप्रमाणे नव्हे. आपल्याकडे पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःच्या नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते तसंच्या तसं लिहायचं. लग्नानंतर पासपोर्ट बदलला नसेल तर माहेरचंच नाव चालेल, पण विमान, व्हिसा आणि क्रूझ तिन्हीकडे तेच हवं. परतीच्या तारखेपासून पुढे सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असू द्या. नूतनीकरण करायचं असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

जहाज ज्या ज्या देशात थांबतं त्या प्रत्येकाचा नियम वेगळा, आणि काही देश खाली न उतरणाऱ्यांकडेही व्हिसा मागतात. सिंगापूरहून पेनांग-फुकेत करून परत सिंगापूरला आलात म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरलात. म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. युरोपातही तसंच. बार्सिलोनाहून निघून फ्रान्स-इटली करून परतलात तर एकाच शेंगेन व्हिसात, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसात, काम भागतं. पण ग्रीसच्या बेटांबरोबर तुर्कस्तान असेल तर मध्येच शेंगेनबाहेर जाऊन परत येणं होतं, आणि सिंगल एंट्रीवर तुम्हाला बंदरातच थांबवतील. कागद कमी पडल्यामुळे जहाजावर घेतलं नाही तर एक पैसाही परत मिळत नाही. आमची सगळ्यात जास्त मेहनत याच कामात जाते, म्हणून कागद वेळेवर द्या. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन जाणार असतील तर आईवडील दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागेल. सुनबाई गरोदर असतील तर आधीच सांगा. चोवीसावा आठवडा लागला की बहुतेक कंपन्या प्रवासाला घेत नाहीत. सहा महिन्यांच्या आतलं बाळही नेता येत नाही.

बॅग भरताना

दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांना कळकळीची विनंती : डब्यातले अनारसे घरीच ठेवा. त्यांच्यावर लावलेली खसखस सिंगापूर आणि दुबईत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. आपल्या दृष्टीने ती सणाची वस्तू, तिथल्या कस्टमच्या दृष्टीने गुन्हा. खसखशीचा मसालाही नको. घरी केलेले लाडू-चकल्या जहाजावर चढताना काढून घेतात. कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटं बहुतेक जहाजं चालवून घेतात, पण ती घेऊन बंदरावर उतरायचं नाही.

आग ही जहाजावरची सगळ्यात मोठी भीती. म्हणून उदबत्ती, निरांजन, कापूर, प्रवासी इस्त्री, चहाची इलेक्ट्रिक किटली, राइस कुकर आणि एक्स्टेन्शन बोर्ड यातलं काहीही बॅगेत नको. एक्स-रेमध्ये दिसलं की काढून ठेवतात. सकाळी देवाला नमस्कार करायचा असेल तर छोटा फोटो न्या, तेवढं पुरे. चहासाठी बुफेत गरम पाणी मिळतं. चहाची आणि दूध पावडरची सीलबंद पुडकी जवळ ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी लोक ऑफिसात विचारायला लाजतात. बऱ्याच परदेशी जहाजांच्या बाथरूममध्ये जेट स्प्रे नसतो, मगही नसतो. घडीचा छोटा मग बॅगेत टाका. जहाजावरचं टॉयलेट विमानासारखं हवेच्या दाबावर चालतं, त्यात कागदाशिवाय काहीही टाकू नका. तुंबलं तर आजूबाजूच्या केबिनचंही बंद पडतं.

पूलमध्ये सुती कपडे चालत नाहीत, स्विमिंगचाच पोशाख लागतो. ‘फॉर्मल नाइट’साठी सूट शिवायची गरज नाही. पैठणी किंवा साधी सिल्कची साडी, पुरुषांना बंद गळा किंवा कुर्ता-जॅकेट, सगळं चालतं आणि उठूनही दिसतं.

औषधं मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगा टर्मिनलवर घेतात आणि त्या केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते. तोपर्यंत रक्तदाबाची गोळी, पासपोर्ट आणि मुलांचे बदलायचे कपडे जवळच हवेत.

जेवण

परदेशी जहाजावर ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे अंडं चालणारा, असं समजतात. सूप कशात शिजवलंय हेही विचारावं लागतं. शुद्ध शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर निदान सहा आठवडे आधी आम्हाला सांगा, आम्ही कंपनीकडून लेखी उत्तर घेतो. चढल्यावर पहिल्याच दिवशी डायनिंग हॉलच्या प्रमुखाला स्वतः जाऊन भेटा. दुसऱ्या दिवशीचं जेवण आदल्या रात्री सांगितलं की आनंदाने करून देतात. या जहाजांवर गोव्याची, कोकणातली मुलं कामाला असतात. दोन शब्द मराठी-कोंकणी बोललात तर तीही सुखावतात. चतुर्थीचा उपास धरणाऱ्यांनी साबुदाण्याची आशा मात्र ठेवू नये, फळं आणि दह्यावर भागवावं.

बुफेत शिरण्याआधी साबणाने हात धुवा. जहाजावर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही.

बोट लागेल का?

मोठ्या जहाजात पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, डोलणं बरंच कमी होतं. तरी ज्यांना घाटात उलटी होते त्यांनी खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्यावी. गोळी डॉक्टरांना विचारून, मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची. सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. पोट रिकामं ठेवू नका, डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत बसा. सीलबंद आलेपाकाची वडी जवळ असू द्या.

भीती वाटते त्यांच्यासाठी

अलिबागकडचे एक आजोबा मुलाबरोबर आमच्याकडे आले होते. सगळं ठरलं, आणि सही करताना त्यांचा हात थांबला. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली; त्यांच्या घरातली दोन त्यात होती. त्यांची समजूत कशी काढायची? आम्ही त्यांना फक्त आजची पद्धत सांगितली. जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी प्रत्येक प्रवाशाला ‘मस्टर ड्रिल’ करावंच लागतं. आपलं जमायचं ठिकाण कोणतं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं, सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे काय, हे सगळं दाखवतात. पूर्वी त्यासाठी चोवीस तासांची सवलत होती. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, ३२ जण गेले, आणि त्यानंतर नियम कडक झाला. आजोबा गेले, आणि परत आल्यावर म्हणाले, “जमायची जागा मी रोज एकदा चालत जाऊन बघून यायचो.” तुम्हीही केबिनपासून ती वाट पहिल्याच दिवशी पायाखालून घाला. ड्रिल चुकवू नका, मुलांनाही न्या.

जहाजावरचा दवाखाना चांगला असतो, पण महाग. विम्यात क्रूझ आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च दोन्ही धरले आहेत का ते बघा. मधुमेह, हृदयविकार लपवू नका.

बंदरं आणि घड्याळ

कार्यक्रमात ‘रोम’ लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिव्हितावेक्कियाला, तिथून रोम ७० किलोमीटरच्या वर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळपास २०० किलोमीटर. जाऊन-येऊन दिवस संपतो. कंपनीची सहल घेतली तर जहाज तुमच्यासाठी थांबतं. स्वतः टॅक्सी करून गेलात आणि अडकलात तर थांबत नाही. जहाजाची वेळ आणि गावाची वेळ कधी कधी एक तासाने वेगळी असते, हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. मोबाइल विमान मोडवर टाका. भर समुद्रात फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो, त्याचा दर साध्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही.

हवा बिघडली तर कप्तान बंदर गाळू शकतो. लक्षद्वीपला छोट्या बोटीने उतरावं लागतं, तिथे हे होतंच. त्यावर वाद घालू नका, तो निर्णय तुमच्याच जिवासाठी असतो.

परदेशातून जहाज पकडायचं असेल तर एक दिवस आधी त्या शहरात पोचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावर मुंबई की नवी मुंबई हे नीट बघा. मुंबईहूनच निघणार असाल तर ठाण्याहून लोकलने सीएसएमटी आणि तिथून टॅक्सीने बॅलार्ड पियर, ही वाट हमखास. सामान जास्त असेल तर गाडीने ईस्टर्न फ्रीवे घ्या, पण ऑरेंज गेटला बोगद्याचं काम चालू असल्याने तासभर हाताशी ठेवून निघा.

शेवटची रात्र

बॅगांना रंगीत पट्ट्या लावून रात्री केबिनबाहेर ठेवायला सांगतात. आमच्या एक काकू इतक्या टापटिपीच्या, की सगळं घडी घालून त्यांनी बॅग बाहेर ठेवली आणि पहाटे लक्षात आलं, अंगावरच्या गाऊनशिवाय काहीच उरलं नाही. शेजारच्या केबिनमधल्या मुलीने सलवार-कमीज दिला. सकाळचे कपडे, चपला, चष्मा आणि औषधं आधी बाजूला काढा, मगच चेन लावा. आणि झोपण्याआधी केबिनमधल्या टीव्हीवर किंवा ॲपवर आपलं बिल बघून घ्या. चूक असेल तर रात्रीच काउंटरवर जा, सकाळी तिथे मोठी रांग असते.