ब्राउनियन मोशन आणि भिंत

क्षणोक्षणी कुठल्याही दिशेला भरकटत राहणारी गती म्हणजे ब्राउनियन मोशन. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये पाण्यातल्या बारीक कणांची ही वळवळ पाहिली, नॉर्बर्ट वीनरने १९२३ मध्ये तिला पक्कं गणिती रूप दिलं. पण खरी गंमत आहे ती वाटेत भिंत आली की काय होतं यात.

आपल्याला वाटतं कण चेंडूसारखा आपटेल आणि निघून जाईल, तसं अजिबात होत नाही. सपाट भिंतीला एकदा टेकला की पुढच्या कितीही छोट्या वेळात तो परत परत, अनंत वेळा टेकतो. टेकण्याचे हे क्षण इतके की त्यांना १, २, ३ असे नंबरही देता येत नाहीत, त्यातला एकही एकटा सुटा नसतो, आणि तरी सगळे मिळून वेळ भरतो शून्य! या क्षणांच्या संचाची हाउसडॉर्फ मिती (एखादा संच किती जागा व्यापतो याचं माप; बिंदूची ०, रेषेची १) १/२, म्हणजे धड सुटे बिंदूही नाहीत आणि सलग रेषाही नाही. मग भिंतीपाशी कण किती 'राहिला' ते साध्या घड्याळाने कसं मोजणार? त्यासाठी गणिती पॉल लेव्हीचा लोकल टाइम, म्हणजे भिंतीपाशी चालणारं वेगळं घड्याळ: भिंतीलगतच्या अरुंद पट्टीत गेलेला वेळ भागिले पट्टीची रुंदी, आणि रुंदी शून्याकडे न्यायची.

पहिल्यांदा कुठे टेकेल? सपाटीवर, म्हणजे कागदासारख्या दोन मितींच्या पृष्ठावर, अमर्याद लांब सरळ भिंतीपासून कण १ सेंमीवर असेल तर बरोबर समोरच्या बिंदूपासून १ सेंमीच्या आत टेकण्याची शक्यता निम्मी. पण १० सेंमीच्या पलीकडे टेकण्याची शक्यताही साधारण ६ टक्के उरतेच, टेकण्याच्या जागेचं हे कॉशी वितरण (शक्यता दूरवर फार हळू कमी होत जाणारं) असल्यामुळे लांबच्या फेऱ्यांचं वजन इतकं की सरासरी अंतर काढायला गेलं तर ते अनंतच येतं.

भिंत वाकडीतिकडी असेल तर बाहेर आलेली टोकं जास्त मार खातात, खोल खाचांपर्यंत कण जवळजवळ पोचतच नाही. कॉख स्नोफ्लेकच्या (त्रिकोणाच्या बाजूंवर पुन्हा पुन्हा छोटे त्रिकोण चढवत बनणाऱ्या आकाराच्या) कडेची मिती १.२६ च्या आसपास, पण कण प्रत्यक्षात जिथे टेकतो त्या भागाची मिती फक्त १, आणि सपाटीवरच्या भोक नसलेल्या कुठल्याही प्रदेशात हेच होतं हे गणिती मकारोव्हने १९८५ मध्ये सिद्ध केलं.

आणि भिंत नसली तरी सपाटीवरच्या कणाची वाट स्वतःच एक कड तयार करते. वाटेची मिती २, तिच्या बाहेरच्या कडेची मात्र ४/३. हा अंदाज मँडेलब्रॉटचा, सिद्धता लॉलर, श्राम आणि वर्नर या तिघांची, २००० च्या सुमाराची.