क्लागेनफुर्ट

ऑस्ट्रियाच्या दक्षिणेकडील कॅरिंथिया (केर्न्टन) राज्याची राजधानी. स्लोव्हेन नाव त्सेलोवेत्स. लोकसंख्या सु. १ लाख. ग्लान नदीच्या खोऱ्यात, सु. ४५० मी. उंचीवर, व्हर्टरझे सरोवराच्या पूर्वेस हे वसले आहे. सरोवराचे क्षेत्रफळ सु. १९ चौ. किमी. असून उन्हाळ्यात त्याचे पाणी आल्प्समधील इतर सरोवरांच्या मानाने बरेच उबदार असते. शहराच्या अधिकृत नावात ‘आम व्हर्टरझे’ ही जोड २००८ मध्ये झाली. जुने शहर प्रत्यक्ष सरोवरकाठी नव्हते. सोळाव्या शतकात खणलेल्या सु. ४ किमी.च्या लेंड कालव्याने ते सरोवराशी जोडले गेले.

श्पानहाइम घराण्याच्या ड्यूकांनी बहुधा बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे बाजारपेठ वसविली व तेराव्या शतकाच्या मध्यास ती आजच्या जागी हलविली. १५१४ च्या आगीत शहर बेचिराख झाले. १५१८ मध्ये सम्राट पहिला माक्सिमिलियन याने ते कॅरिंथियाच्या सरदार-प्रतिनिधींच्या सभेस देऊन टाकले. राजधानीचा मानही झांक्ट फाइटकडून इकडे आला. तटबंदी १८०९ मध्ये फ्रेंच सैन्याने पाडली. मुख्य चौकातील लिंडवुर्म हा दगडी ड्रॅगन सोळाव्या शतकाच्या अखेरचा आहे. त्याचे डोके परिसरात सापडलेल्या एका कवटीवरून घडविले, असे मानतात. ती कवटी हिमयुगीन लोकरी गेंड्याची आहे.

ड्यूकांचा दगड : सभागृहाच्या (लांटहाउस) इमारतीत ठेवलेला हा दगड म्हणजे एका रोमन आयोनिक स्तंभाचे उलटे केलेले तळखडे होय. पूर्वी तो शहराच्या उत्तरेस कार्नबुर्गजवळ होता. १८६२ मध्ये तो क्लागेनफुर्टला आणला गेला. मध्ययुगीन वर्णनांनुसार नवा ड्यूक शेतकऱ्याच्या साध्या वेषात, ठिपकेदार बैल आणि घोडी घेऊन दगडापाशी येई. दगडावर बसलेला स्वतंत्र शेतकरी ‘हा येणारा कोण? न्यायी आहे काय?’ असे स्लोव्हेन भाषेत विचारी, ड्यूकच्या गालावर हलकी चापट मारी व मग जागा सोडी. विधीचे सविस्तर वर्णन १२८६ च्या अभिषेकासंदर्भात मिळते. या दगडापाशी झालेला शेवटचा अभिषेक १४१४ चा. विधीचे मूळ आठव्या शतकातील कॅरँटानिया या येथील स्लाव्ह राज्यात आहे, असे मत विशेषतः स्लोव्हेन इतिहासकारांत प्रचलित आहे. सु. ८७० मधील एका लॅटिन ग्रंथात कॅरँटानियन सरदार-नियुक्तीचे उल्लेख आहेत खरे, पण दगडाचा नाही. त्यामुळे विधी प्राचीन असावा, मात्र त्याचे तपशील उत्तर मध्ययुगात ठरत गेले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अठराव्या शतकात योझेफ फेर्डिनांड फ्रोमिलर याने लांटहाउसच्या ढालचिन्हांच्या दालनात ६६५ ढालचिन्हे व या विधीचे भित्तिचित्र रंगविले. स्लोव्हेनियाने २००७ मध्ये आपल्या २ सेंट नाण्यावर हाच दगड घेतल्याने कॅरिंथियात नाराजी उमटली.

स्लोव्हेन अल्पसंख्य : पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये युगोस्लाव्ह सैन्याने शहर काही काळ व्यापले. प्रदेश ऑस्ट्रियात राहावा की युगोस्लाव्हियात जावा, यावरील १० ऑक्टोबर १९२० च्या सार्वमतात दक्षिणेकडील ‘अ’ विभागाने ५९ टक्के मतांनी ऑस्ट्रियाचा पक्ष घेतला. तेथील बहुसंख्य लोक स्लोव्हेनभाषी होते, हे विशेष. क्लागेनफुर्ट ‘ब’ विभागात होते; ‘अ’ विभागाने युगोस्लाव्हियाचा पक्ष घेतला असता तरच तेथे मतदान व्हायचे होते, त्यामुळे त्याची वेळच आली नाही. १९४२ मध्ये नाझी राजवटीने अनेक स्लोव्हेन कुटुंबे हद्दपार केली. ऑस्ट्रियाचे स्वातंत्र्य पुनःस्थापित करणाऱ्या १९५५ च्या राज्य-कराराच्या सातव्या कलमाने अल्पसंख्यांचे हक्क मान्य झाले. तरी द्वैभाषिक गावपाट्यांवरून १९७२ मध्ये दंगे झाले आणि २०११ मध्ये तडजोड होऊन १६४ गावांना अशा पाट्या मिळाल्या. राजधानी त्या यादीत नाही. तथापि स्लोव्हेन संस्थांचे केंद्र हेच शहर होय : १८५१ मध्ये येथे स्थापन झालेले हर्मागोरस प्रकाशन मंडळ (मोहोर्येवा) पहिल्या महायुद्धानंतर येथून हलले, पण दुसऱ्या महायुद्धानंतर येथे त्याचे कार्य पुन्हा सुरू झाले, १९५७ पासून स्लोव्हेन माध्यमिक विद्यालय आहे.

विद्यापीठ १९७० चे. लेखक रोबर्ट मूसिल (१८८०) व कवयित्री इंगेबोर्ग बाखमान (१९२६) यांचा जन्म येथला. बाखमानच्या नावाचा साहित्य-पुरस्कार १९७७ पासून येथे दिला जातो.