न सांगता आत जाण्याचा अधिकार: कामगार तपासणीची पार्श्वभूमी

सोलापुरात कामगार तपासणीचा विषय निघाला की अजून गिरण्यांपासून सुरुवात होते. त्या काळाचं इथे एवढंच: पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा, आणि १९४८ च्या कायद्याने वीज वापरणारी दहा कामगारांची जागा कारखाना ठरवली. गिरणीला एक फाटक होतं, आत हजारो माणसं. गिरण्या बंद पडल्या. आता काम आहे यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या ओसरीवर.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा (आयएलओ) कामगार तपासणीवरचा, जिनिव्हात १९४७ साली झालेला करार क्रमांक ८१ भारताने १९४९ मध्ये स्वीकारला. त्याचं बारावं कलम निरीक्षकाला तपासणीयोग्य कामाच्या जागी, दिवसा-रात्री कधीही, पूर्वसूचना न देता शिरू देतं. रात्रपाळी चालणाऱ्या गावात यातला ‘रात्री’ हा शब्द फार मोलाचा. महिन्याची हजेरी एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेलं मस्टर अवचित गेल्याशिवाय सापडत नाही.

२०१४ मध्ये केंद्राच्या अखत्यारीत कुठे तपासणी करायची हे संगणक ठरवू लागला. ‘इन्स्पेक्टर राज’ संपवायचं, हा त्यामागचा युक्तिवाद. हप्तेखोरीची तक्रार खोटी नव्हतीच. पण कराराच्या पालनावरून २०१७ आणि २०१९ मध्ये जिनिव्हात भारताला प्रश्न विचारले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि निरीक्षकाचं नाव ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’, म्हणजे तपासणारा आणि मदत करणाराही, असं झालं.

सगळा गुंता या जोडनावात आहे. सल्ला देणं हे निरीक्षकाचं काम कराराच्या तिसऱ्या कलमातही आहे, त्यामुळे नाव नुसतं उसनं म्हणता येत नाही. पण सतराव्या कलमानुसार समज द्यायची की खटला भरायचा, हे निरीक्षकाने ठरवायचं असतं. वेतन संहितेत नोंदी न ठेवण्यासारख्या चुकांसाठी आधी सुधारण्याची संधी द्यावीच लागते. मुदतीत पूर्तता झाली तर खटला नाही. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा झाली, तरच ही सवलत जाते. 

पंधरावं कलम तक्रार कोणी केली हे गुप्त ठेवायला सांगतं. भेट तक्रारीवरून आहे, हेही मालकाला कळू द्यायचं नाही. आठ माणसांच्या शेडमध्ये हे कसं साधणार? नेहमीच्या फेऱ्या होत असतील तरच. फेऱ्याच थांबल्या तर निरीक्षक दारात दिसला की कोणीतरी बोललं, हे मालक ओळखतो आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तरी काम मिळत नाही. म्हणून निरीक्षकांची संख्या हा माझ्या मते पहिला प्रश्न आहे. करारात आकडा नाही, ‘पुरेसे’ एवढंच आहे. पुढे जिनिव्हातूनच एक ढोबळ माप आलं: औद्योगिकीकरण होत असलेल्या देशांत पंधरा हजार कामगारांमागे एक निरीक्षक, सर्वांत गरीब देशांत चाळीस हजारांमागे एक.

कामाच्या जागेच्या सुरक्षेवरच्या संहितेने वीज वापरणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर नेली. मर्यादेखाली राहण्यासाठी एका शेडचे कागदावर दोन-तीन कारखाने करण्याची यंत्रमाग धंद्यातली जुनी रीत पाहता ही वाढ साधी नाही.

प्रशिक्षणाचं सातवं कलम मोघम आहे. इथे त्याचा अर्थ सरळ आहे: मागांच्या खडखडाटात, कापसाच्या तुसात उभं राहून मोकळ्या पट्ट्याला जाळी का नाही, हे विचारता यावं. आणि निरीक्षकपदासाठी स्त्रियाही पात्र असाव्यात, असं आठवं कलम म्हणतं. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईला ‘छाट’ म्हणून, म्हणजे खराब ठरवून, किती विड्या बाजूला काढल्या, हे तेलुगूत विचारावं लागतं, आणि शेजारी मालकाचा माणूस नसताना.