क्वांटम अवस्था-अनुमानाचे सुलभीकरण

क्वांटम प्रणालीवर मापन सतत चालू असताना, हाती येणाऱ्या नोंदींवरून तिची अवस्था क्षणोक्षणी ताडत राहणाऱ्या गणिताला क्वांटम फिल्टर म्हणतात. गणितज्ञ व्ही. पी. बेलावकिन यांनी 1980 च्या दशकात त्याचा पाया घातला. मापन सदोष असूनही हे गणित मोजक्या संख्यांत बसवण्याच्या पद्धती म्हणजे सुलभीकरण.

मापन निर्दोष असेल आणि सुरुवातीची अवस्था शुद्ध (संभाव्य अवस्थांचे मिश्रण नसलेली) व माहीत असेल, तर एका सदिशावर, म्हणजे संख्यांच्या एका यादीवर, भागते. प्रत्यक्षात फोटॉन निसटतात, 0 चा 1 वाचला जातो. हरवलेल्या माहितीचा हिशेब ठेवायला पूर्ण घनता आव्यूह, म्हणजे अवस्थेचे पूर्ण वर्णन करणारा संख्यांचा चौकोनी तक्ता, लागतो. 10 क्यूबिटसाठी (क्यूबिट म्हणजे दोन पातळ्यांची क्वांटम प्रणाली) त्यात 10,48,575 स्वतंत्र वास्तव संख्या असतात आणि अभिप्राय-नियंत्रण (नोंद पाहून लगेच प्रणालीला वळवणे) करायचे तर पुढच्या नोंदीआधी त्या नव्याने काढाव्या लागतात.

सर्वांत सरळ वाट अविध्वंसक मापनात, म्हणजे जी राशी मोजायची तीच न बिघडवणाऱ्या मापनात, सापडते. तिथे आव्यूहाच्या कर्णावरच्या, म्हणजे प्रत्येक पातळीच्या, संभाव्यता आपापसांतच बदलतात. कर्णाबाहेरचे घटक त्यात ढवळाढवळ करत नाहीत. उरतो तो साधा बेझचा नियम: नवी नोंद आली की आधीची संभाव्यता सुधारून घेणे. समजा, मापक दहांत एकदा चुकतो आणि आधी दोन्ही शक्यता सारख्याच आहेत. पहिली नोंद ‘1’ आली की 1 ची संभाव्यता 0.9 होते. दुसरीही ‘1’ आली तर सुमारे 0.988; ‘0’ आली तर पुन्हा 0.5, म्हणजे मूळ पदावर. N पातळ्यांसाठी N² − 1 ऐवजी N − 1 संख्या पुरतात.

गोम नियंत्रणात आहे. नियंत्रणाचा धक्का पातळ्यांची सरमिसळ करतो, कर्णाबाहेरचे घटक पुन्हा डोके वर काढतात आणि संक्षिप्त फिल्टर केवळ अंदाजी ठरतो. भौतिकशास्त्रज्ञ सर्ज हरोश यांच्या पॅरिसमधील गटाने 2011 मध्ये आरशांमधल्या पोकळीतील फोटॉनसंख्या अभिप्रायाने स्थिर ठेवली, तेव्हा एकेक अणू पाठवून अनुमान केले जाई आणि अणू न सापडण्याची वा चुकीचा वाचला जाण्याची शक्यताही हिशेबात धरलेली होती. मोठ्या फोटॉनसंख्या वगळून आव्यूह आटोपशीर ठेवणे हेही सुलभीकरणच, जरी त्याला कोणी तसे मिरवत नाही.

रेषीय प्रणालीत अवस्था गाउसीय (घंटेच्या आकाराच्या वितरणाची) असेल तर सरासरी आणि सहप्रसरण, म्हणजे राशींचा पसारा व परस्परसंबंध, पुरते. हा जवळजवळ अभियांत्रिकीतला कालमन फिल्टरच, म्हणजे गोंगाटी नोंदींवरून अवस्था ताडण्याची रूढ पद्धत. इतरत्र आव्यूहाची कोटी (त्यातल्या स्वतंत्र ओळींची संख्या) कमी धरतात किंवा फिल्टरच्या समीकरणाचे निवडक अवस्थांच्या कुटुंबावर प्रक्षेपण करतात, म्हणजे उत्तर त्याच कुटुंबात बसवतात. अनुमान खऱ्या अवस्थेशी तंतोतंत जुळलेच पाहिजे असे नाही. त्यावर चालणारे नियंत्रण प्रणालीला इष्ट अवस्थेत नेते का, हीच खरी कसोटी.